सर्व्हे नंबर आणि बसथांबा : प्रस्तावना

कर्वेनगरकडून आलेला रस्ता वारज्यात महामार्ग ओलांडतो आणि एनडीए रस्ता या नावाने गणपती माथा, शिवणे, उत्तमनगर, कोपरे, कोंढवे-धावडे करत राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीला जाऊन भिडतो. रस्ता एकच आहे. त्यावर धावणारी बस एकच आणि सकाळी महामार्गाच्या चौकात तुंबणारी गर्दीही एकच. मात्र या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या जमिनीचं काय करायचं, हे ठरवणारे कागद तीन आहेत. वारजे पुणे महापालिकेत आलं १९९७ साली, त्याला आराखडा लागू झाला तो समाविष्ट २३ गावांचा. शिवणे आणि उत्तमनगर २०१७ मध्ये आली, ११ गावांच्या तुकडीत. कोपरे, कोंढवे-धावडे २०२१ मध्ये आली, आणखी २३ गावांच्या तुकडीत. आणि या शेवटच्या तुकडीचा आराखडा करण्याचं काम सरकारने महापालिकेकडे न ठेवता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) दिलं. वर बस पीएमपीएमएलची, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, सिग्नल वाहतूक पोलिसांचा, येऊ घातलेली मेट्रो महामेट्रोची.

कोंढवे-धावड्यात शंभर सदनिकांची इमारत मंजूर झाली, तर सकाळी नऊ वाजता वारज्याच्या चौकात किती माणसं वाढतील? हा प्रश्न विचारणं यांपैकी कुणाच्याही रोजच्या कामाचा भाग नाही. मंजुरी देणारा अधिकारी समासिक अंतरं पाहतो, पार्किंग मोजतो, अग्निशमनाचा दाखला तपासतो. त्या इमारतीतली माणसं उद्या कुठे आणि कशाने जाणार, हा रकाना त्याच्या अर्जात नाही. हे पुस्तक त्या रकान्याबद्दल आहे.

जमीन वापराचं नियोजन आणि वाहतुकीचं नियोजन ही दोन शास्त्रं आहेत, अशी आपली समजूत करून दिलेली असते. नगररचना विभाग वेगळा, पथ विभाग वेगळा, प्रकल्प विभाग वेगळा. प्रत्यक्षात रस्ता झाला की कडेच्या जमिनीचा भाव चढतो, भाव चढला की बांधकाम येतं, बांधकामातून फेऱ्या निर्माण होतात आणि फेऱ्या वाढल्या की रस्ता पुन्हा अपुरा पडतो. हे चक्र कुठूनही सुरू होऊ शकतं. त्यामुळे जो रस्ता आखतो तो जमिनीचाही निर्णय करत असतो, आणि जो एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचं प्रमाण, वाढवतो तो वाहतुकीचाही. दोघांना एकमेकांच्या निर्णयाची माहिती नसते, एवढंच.

या नात्याचा अभ्यास जुना आहे. त्याचा पहिला प्रवाह अर्थविचाराचा. जर्मनीतल्या मेक्लेनबर्गमध्ये शेती करणाऱ्या योहान फॉन थ्यूनेनने १८२६ मध्ये दाखवलं, की बाजारापासूनचं अंतर आणि माल नेण्याचा खर्च यावर कुठल्या जमिनीत काय पिकवायचं हे ठरतं. भाजीपाला आणि दूध गावाजवळ, धान्य लांब. पुढे विसाव्या शतकात अर्थतज्ज्ञांनी हाच विचार शहराला लावला आणि घराचं भाडं व कामाला जाण्याचा खर्च यांचा एकत्र हिशेब मांडला. वारज्यात घर घेऊन हिंजवडीला नोकरीला जाणारं कुटुंब हा हिशेब दरमहा करतं. त्यासाठी त्याला सिद्धांताची गरज लागत नाही.

दुसरा प्रवाह अभियंत्यांचा. १९५० च्या दशकात अमेरिकेत मोटारींची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हा शहराचे विभाग पाडून कुठल्या विभागातून किती फेऱ्या निघतील, कुठे जातील, कशाने आणि कुठल्या रस्त्याने जातील, असं चार पायऱ्यांचं गणित तयार झालं. आजही आपल्याकडच्या बहुतेक वाहतूक आराखड्यांच्या पोटात हेच गणित असतं. त्यात जमीन आधीच ठरलेली धरतात आणि रस्ता तिच्या मापाने शिवतात. गणित चुकीचं नाही, अर्धं आहे. रस्ता झाल्यावर जमीन बदलते, हे त्याला दिसत नाही. १९५४ मध्ये मिचेल आणि रॅपकिन यांनी वाहतूक ही जमीन वापराचीच निष्पत्ती आहे असं ठामपणे मांडलं. १९५९ मध्ये वॉल्टर हॅन्सनने उलटी बाजू पुढे आणली: एखाद्या ठिकाणाहून किती संधी किती सहज गाठता येतात, यावर तिथे वस्ती किती वाढणार हे ठरतं. या गाठता येण्याला या पुस्तकात मी ‘पोहोच’ म्हटलं आहे, आणि सबंध पुस्तकाचा कणा तोच आहे. १९६२ मध्ये अँथनी डाउन्सने सांगितलं, की गर्दीच्या वेळी रुंद केलेला रस्ता पुन्हा भरतो, कारण दुसऱ्या रस्त्याने, दुसऱ्या वेळी किंवा दुसऱ्या साधनाने जाणारे लोक तिकडे वळतात. आपण उड्डाणपुलांवर खर्च करताना साठ वर्षांहून जुनी ही गोष्ट लक्षात घेत नाही, याचं मला दुःख वाटतं.

तिसरा प्रवाह प्रत्यक्ष शहरं घडवणाऱ्यांचा. कोपनहेगनने १९४७ मध्ये रेल्वेमार्गांच्या बाजूने शहराची पाच बोटं वाढू द्यायची आणि मधली हिरवी जागा राखायची असं ठरवलं. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ पासून बसचे मुख्य मार्ग आणि उंच इमारतींना परवानगी यांची सांगड घातली: जिथे बस तिथे मजले. १९९३ मध्ये पीटर कॅलथॉर्पने स्थानकाभोवती चालत जाता येईल अशा दाट, मिश्र वस्तीची कल्पना पुस्तकरूपाने मांडली, आणि आज आपल्या नियमावलीत टीओडी म्हणून जे येतं ते तिथूनच. या तिन्ही प्रवाहांना आपल्याकडे एक चौथा जोडायला हवा. आपल्या शहरांत कितीतरी लोक चालत किंवा बसने जातात, आणि कितीतरी घरं आराखड्याबाहेर उभी राहतात. या दोन्ही गोष्टी परदेशी गणितांत नीट बसत नाहीत, आणि वारजे समजायला तर याच दोन गोष्टी सर्वांत आधी लागतात.

महाराष्ट्राचा स्वतःचा वारसाही कमी नाही. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातल्या या विषयावरच्या पहिल्या काही कायद्यांपैकी एक. त्यातली नगररचना योजना साधी आणि न्याय्य होती: सगळ्यांच्या जमिनी एकत्र घ्यायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेली जमीन नीट आकाराच्या अंतिम भूखंडांत ज्याची त्याला परत द्यायची. भूखंड लहान होतो, पण त्याला रस्ता मिळतो. पुण्यात भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, ही पद्धत वापरली गेली. त्या भागातली सरळ, एकमेकींना मिळणारी गल्ल्यांची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची किंमत वेगळी सांगायला नको. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू करणारे पॅट्रिक गेडिस आधी पाहणी आणि मग आराखडा असा आग्रह धरत होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी तो आग्रह प्रत्यक्षात आणला. पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे त्यांचे खंड १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि माणसं कुठे राहतात व कशावर जगतात हे आधी घरोघर विचारायचं, ही शिस्त त्यांनी या शहराला दिली.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतली हजारो घरं गेली आणि पूरग्रस्तांच्या वसाहती शहराबाहेर उभ्या राहिल्या. शहर पसरण्याचा वेग त्यानंतर वाढला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने प्रादेशिक योजना, विकास आराखडा आणि नगररचना योजना अशी तीन पातळ्यांची चौकट दिली. चौकट चांगली होती. पुण्याने मात्र मधल्या पातळीवर सगळा भार टाकला आणि खालची पातळी जवळजवळ सोडून दिली. विकास आराखड्यात मोठे रस्ते दिसतात, आरक्षणं रंगवलेली दिसतात. शेताच्या बांधांवरून गल्ल्या कशा निघणार, हे त्यात नसतं. १९८७ च्या आराखड्यात शहराभोवती उच्च क्षमतेच्या वाहतूक मार्गाचं वर्तुळ, ज्याला सगळे एचसीएमटीआर म्हणतात, काढलं गेलं. सुमारे ३६ किलोमीटरची ती रेषा आजही नकाशावर आहे, पण ती ज्या वाहतुकीसाठी आखली तिच्यासाठी कधी बांधून झाली नाही.

याच राज्यात उलट उदाहरणही आहे, आणि त्याकडे पुणेकरांनी अधिक लक्ष द्यायला हवं होतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईची जमीन एका हाती आली. रेल्वे वाशीला पोहोचायला १९९२ उजाडलं, हा उशीर मोठाच होता. पण ती रेल्वे आणण्याच्या खर्चातला सुमारे दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, आणि तो जमिनीतून आलेल्या पैशांतून. जमिनीची वाढलेली किंमत रुळांत घातली आणि रुळांनी जमिनीची किंमत वाढवली.

आता वारजे. उत्तरेला टेकडी, दक्षिणेला मुठा, पश्चिमेला पुढे जाऊन संरक्षण खात्याची जमीन. बाहेर पडायच्या वाटा मोजक्या: पूर्वेला कर्वेनगरकडे, उत्तरेला डुक्कर खिंडीतून चांदणी चौकाकडे, दक्षिणेला महामार्गाच्या पुलावरून नदीपलीकडे. अशा चिंचोळ्या पट्ट्यात वस्ती वाढवायची तर आतल्या रस्त्यांचं जाळं आधी घालायला हवं होतं. झालं उलट. महापालिकेत येण्याआधी आणि आल्यानंतरही इथली शेतं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, तरी साठेखतावर, नोटरीवर, कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होत राहिले. विकणाऱ्याला पैसे हवे होते, घेणाऱ्याला शहरात स्वतःचं छप्पर हवं होतं. कारखान्यात, दुकानात, रिक्षावर, घरकामावर राबणाऱ्या माणसांना पुणे शहराने दुसरा कुठला पर्याय दिला होता? त्यांच्यावर बेकायदा हा शिक्का मारून मोकळं होणं मला मान्य नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरं नियमित करायची वाट काढली, २०२१ मध्ये ती २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना लागू केली. घरं नियमित होऊ शकली. न सोडलेले रस्ते मात्र कायद्याने उगवत नाहीत. दहा फुटी बोळ नियमित झाल्यावरही दहा फुटीच राहतो. त्यात बस जात नाही, अग्निशमनाचा बंब जात नाही, म्हातारी माणसं पावसात चालू शकत नाहीत.

त्याच काळात शेजारी महामार्ग होता. कात्रज-देहूरोड बाह्यवळण शहराबाहेरून जाणाऱ्या अवजड वाहनांसाठी आखलं गेलं. शहर त्याच्या पलीकडे गेलं आणि बाह्यवळण वस्तीच्या मधोमध आलं. नदीवर दुसरे पूल मोजकेच आहेत, आतले समांतर रस्ते नाहीत, सेवा रस्ते बराच काळ सलग झाले नाहीत. म्हणून वारज्याहून वडगावला, धायरीला, नऱ्ह्याला जाणारा दुचाकीस्वारही बंगळुरूहून मुंबईला निघालेल्या कंटेनरच्या शेजारून जातो. याच बाह्यवळणावरच्या नवले पुलाच्या उतारावर वर्षानुवर्षं अपघात होतात, माणसं मरतात, आणि प्रत्येक अपघातानंतर उताराची, ब्रेकची, वेगमर्यादेची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण चार किलोमीटरच्या कामासाठी स्थानिक माणसाला राष्ट्रीय महामार्गावर यावंच का लागतं, हा जमीन वापराचा प्रश्न आहे आणि तो त्या चर्चेत येत नाही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवी बहुमजली रचना खुली झाली. तिचा फायदा खरा आहे. खिंडीच्या अलीकडची आणि पलीकडची वस्ती मात्र तेवढ्याच वेगाने वाढते आहे.

नियमावलीने जमीन आणि रस्ता यांची गाठ घातलेलीच नाही असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रस्ता जितका रुंद तितका जास्त एफएसआय आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) वापरता येतो. नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर टीडीआर मिळत नाही. हेतू बरोबर होता. अशा नियमाचा परिणाम काय होतो पाहा: ही नियमावली लागू होण्याआधीच, २०२० मध्ये, सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव महापालिकेत आला आणि त्यावर वाद पेटला. रस्ता माणसांच्या ये-जा करण्यासाठी रुंद करायचा की मजले चढवता यावेत म्हणून, हा तो वाद. माझं मत स्पष्ट आहे. रुंदी हे पोहोचेचं माप होऊ शकत नाही. नऊ मीटरची गल्ली जर दुसऱ्या टोकाला भिंतीशी संपत असेल, तर ती सहा मीटरच्या पण आरपार जाणाऱ्या गल्लीपेक्षा वाईट आहे.

टेकडीचा प्रश्नही याच सूत्रातला. २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं गेलं आणि त्यावर सरकारचा निर्णय २०१५ मध्ये आला, गावं समाविष्ट झाल्यानंतर अठरा वर्षांनी. अनिर्णयाच्या वर्षांत जमीन थांबत नाही. पायथ्याची वस्ती वर सरकते आणि मग तिला रस्ता द्यावाच लागतो.

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण ठोस आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला या मार्गिकेबरोबर नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग या सुमारे ६.१ किलोमीटरच्या मार्गिकेला मंजुरी दिली. दोन्ही मिळून २८ उन्नत स्थानकं. नदीच्या दोन काठांना, कर्वे रस्ता आणि सिंहगड रस्त्याला, महामार्गावर न येता जोडणारी ही मोठी सार्वजनिक सोय असेल. एप्रिल २०२२ पासून पुण्यात घर घेणारा प्रत्येक जण मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरतो, म्हणजे वारजेकरांनी या मेट्रोचे पैसे आधीच द्यायला सुरुवात केली आहे.

स्थानकाभोवती ५०० मीटरपर्यंत टीओडी क्षेत्र, त्यात रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून चारपर्यंत एफएसआय, असा आजचा नियम. नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढलं की काम झालं असं वाटतं. वारज्यात त्या वर्तुळात काय येईल? काही मोठ्या सोसायट्या, ज्यांच्या कुंपणाच्या भिंतींना वळसा घालावा लागतो. गुंठेवारीची दाट वस्ती, जिथला रस्ता अरुंद म्हणून वाढीव एफएसआय लागूच होत नाही. आणि मधून गेलेला महामार्ग, जो ओलांडायला पायी माणसाला धड जागा नाही. वर्तुळातले ५०० मीटर चालताना किलोमीटरभर होतात. म्हणजे लाभ मिळणार मोठ्या भूखंडाला आणि मेट्रोची खरी गरज असणारा भाडेकरू वाढत्या भाड्याने आणखी पुढे, कोंढवे-धावड्याकडे ढकलला जाणार. तिथून तो पुन्हा दुचाकीवरून याच चौकात येईल. हे टळू शकतं. खांब उभे राहण्याआधी स्थानकांच्या परिसरापुरत्या छोट्या नगररचना योजना हाती घेतल्या, महापालिका अधिनियमाच्या कलम २०५ आणि २१० खाली आतल्या गल्ल्यांच्या रेषा आखून त्या एकमेकींना जोडल्या, महामार्गाखालून पायवाटा काढल्या, बसचे मार्ग स्थानकाकडे वळवले आणि त्यानंतर एफएसआय दिला, तर. क्रम महत्त्वाचा आहे: आधी गल्ल्या, मग मजले. अहमदाबादने ७६ किलोमीटरचा वर्तुळमार्ग नगररचना योजनांतून जमीन मिळवून उभा केला. १९१५ च्या ज्या मुंबई कायद्यातून आपली पद्धत आली, त्याच कायद्यातून त्यांची आली आहे. त्यांनी ती जपली.

पुस्तकाबद्दल थोडं. हे वारज्याचा इतिहास नाही आणि वाहतूक अभियांत्रिकीचं पाठ्यपुस्तकही नाही. एका वाढत्या जिल्ह्यात जमीन आणि प्रवास यांचे निर्णय कुठे, कसे आणि कुणाकडून होतात, हे एका पट्ट्याच्या आधाराने समजून घ्यायचा हा प्रयत्न आहे. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ७२ लाख होती, २०११ मध्ये ९४ लाख. जी गावं काल शिवणे होती ती आज वारजे आहेत, आणि मुळशी, हवेली, खेड, मावळात उद्याची वारजी उभी राहत आहेत. म्हणून उदाहरण एका जागेचं घेतलं तरी वाचक चाकणचा किंवा वाघोलीचा असला तरी त्याला आपली गल्ली यात सापडावी, अशी माझी इच्छा आहे.

सूत्रं आणि कोष्टकं मजकुरात कमी ठेवली आहेत, नकाशे जास्त. आराखडा वाचता न येणं हे आपल्या लोकशाहीतलं मोठं न्यून आहे. सातबारा वाचणारा शेतकरी विकास आराखड्याच्या शीटपुढे गप्प होतो, कारण तिथली चिन्हं त्याला कुणी शिकवलेली नसतात. त्यामुळे आराखड्याचा कागद कसा वाचायचा, सर्व्हे नंबर कसा शोधायचा, रस्त्याची रेषा आणि आरक्षण यांत फरक काय, हे सविस्तर दिलं आहे. तज्ज्ञ वाचकाला तो भाग पसरट वाटेल. मी तो मुद्दाम तसा ठेवला आहे.

कुणा एका अधिकाऱ्याला किंवा बिल्डरला दोषी ठरवणं हा हेतू नाही. बहुतेक माणसं आपापल्या नियमाप्रमाणे वागत होती. नियमच एकमेकांना ओळखत नव्हते. पुण्यात वाहतुकीच्या यंत्रणांना एका टेबलावर आणणारं प्राधिकरण, पुमटा, आहे. त्या टेबलावर नगररचनेची खुर्ची नुसती मांडलेली न राहता निर्णायक व्हावी, हा या पुस्तकाचा आग्रह आहे.

वारज्याच्या आणि एनडीए रस्त्यावरच्या वाचकांना एक विनंती. कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवतात. मुदत थोडी असते, जाहिरात आतल्या पानावर असते. त्या मुदतीत बहुतेक हरकती येतात त्या माझ्या जमिनीवरचं आरक्षण काढा, अशा. माझ्या गल्लीतून थांब्यापर्यंत वाट द्या, अशी हरकतही त्याच कायद्याने घेता येते. आपला सर्व्हे नंबर शोधा, शेजाऱ्यांना बरोबर घ्या आणि तशी हरकत लेखी द्या. तिचा नमुना पुस्तकाच्या शेवटी जोडला आहे.